पोरगा कोपऱ्यात लपून पैसे वाचवतोय, आणि बाकीचे प्रश्न

प्रश्न: मुलगा अकरावीला आहे, काउंटर-स्ट्राइक खेळतो. परवा मागे उभा राहून बघत होतो, तर त्याच्या टीममधले बाकीचे चौघं मेले आणि हा मोठी स्नायपर घेऊन एका कोपऱ्यात गप्प बसून राहिला. म्हटलं अरे जा ना पुढे, तर म्हणे "पप्पा, सेव्ह करतोय, तुमच्या एज ऑफ एम्पायर्ससारखंच आहे हे." कॉलेजात असताना आम्ही सायबर कॅफेत एज टू भरपूर खेळलोय, पण त्याचा नि या ठो-ठोचा काय संबंध? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: काका, पोरगं बरोबर बोलतंय. काउंटर-स्ट्राइकमध्ये पहिल्या राउंडला प्रत्येकाकडे ८०० डॉलर असतात, म्हणजे पिस्तूल आणि वर किरकोळ काहीतरी. एके-४७ ला २७०० लागतात, आणि त्याच्या हातात होती ती बहुतेक एडब्ल्यूपी असणार, ती ४७५० ला. राउंड हरलात तर १४०० मिळतात, हरतच राहिलात तर वाढत वाढत ३४०० पर्यंत, पण मेलात की बंदूक गेली आणि जगलात की ती पुढच्या राउंडला तुमचीच. (बॉम्ब लावणाऱ्या बाजूने खेळत असाल आणि न लावताच टाइम संपवला, तर जगलेल्याला ते पैसेसुद्धा नाहीत, तेव्हा तिथे गणित अजून वाकडं.) म्हणजे एकट्याने समोरच्यांच्या अंगावर जाऊन मरायचं की ४७५० चा माल वाचवायचा, हा हिशोब तो कोपऱ्यात बसून करत होता.

आता तुमचं एज टू आठवा. कॅसल एजला, म्हणजे पुढच्या युगात, जायला ८०० फूड आणि २०० गोल्ड लागायचं, आणि नेमकं तेवढं साठत आलं की शेजारच्या मशीनवरचा कोणीतरी धनुर्धारी पाठवून तुमचे व्हिलेजर टिपायला लागायचा, मग हातातलं फूड सैनिकांवर घालवायचं की दम धरायचा? पोरांची अख्खी टीम ठरवून एखादी राउंड जवळपास काही न घेता खेळते, त्याला इको म्हणतात, तेही हेच. आणि समोरच्याच्या खिशात आत्ता किती असतील याचा अंदाज बांधणं म्हणजे तुमचं सुरुवातीला घोडा फिरवून त्याचं गाव बघून येणं. शूटर काय नि स्ट्रॅटेजी काय, ही नावं स्क्रीनवर जे दिसतं त्यावरून पडलेली असतात, खेळणाऱ्याला टंचाई कशाची आहे ते बघितलं की खरे नातेवाईक सापडतात. अर्थात तुमच्याकडे नेम धरावा लागत नव्हता, त्याच्याकडे हिशोब शंभर टक्के बरोबर असूनही नेम चुकला की खेळ खलास.

प्रश्न: सेकिरो या तलवारबाजीच्या गेममध्ये गेनिचिरो नावाच्या बॉसपाशी अडकलोय. डार्क सोल्स संपवलेला माणूस आहे मी, आणि माझी बहीण, जिला गेममधलं ओ की ठो कळत नाही, फोनवर पियानो टाइल्स तेवढं खेळते, तिने कंट्रोलर घेतला आणि माझ्यापेक्षा जास्त वेळ टिकली. घरात तोंड दाखवायला जागा नाही. (नाशिक)

उत्तर: मित्रा, ती तालाचा गेम खेळून आली आणि तू डार्क सोल्स खेळून, घोळ तिथेच आहे. दोन्ही गेम फ्रॉमसॉफ्टवेअरचेच, पण डार्क सोल्सने तुला सवय लावली ती लोळण घेऊन लांब जायची, स्टॅमिना भरू द्यायची, येऊन एक वार करून परत पळायची. सेकिरोत (२०१९) स्टॅमिनाची पट्टीच नाहीये. तिथे पोश्चर आहे, म्हणजे तोलाची पट्टी, ज्याची पूर्ण भरली त्याचा तोल सुटतो. समोरच्याची तलवार येऊन भिडते त्या क्षणाला एल-वन दाबलंस तर ठण्णकन आवाज, नारिंगी ठिणग्या, आणि पोश्चर त्याचं भरतं, तेच बटण आधीपासून धरून ठेवलंस तर आवाज बोदा येतो आणि पोश्चर तुझं भरतं. घाबरून टकटकटक दाबत सुटलास तर अचूक धरायला मिळणारा तो क्षणच आखडतो, म्हणजे तुक्का मारणाऱ्याला गेम शिक्षा करतो, आणि तू लांब पळालास की त्याचं भरलेलं पोश्चर हळूहळू उतरायला लागतं. तू इतके दिवस लोळून लोळून त्याला बरं करत होतास रे!

बहीण काय करत असणार, तर येईल तो वार मोजत असणार, काळी टाइल आली की बोट, तसं. गेनिचिरोच्या सलग वारांमध्ये सगळे सारख्या अंतराने येत नाहीत, मध्येच एखादा लांबवतो, आणि तो थांबा कानात बसला की डोळ्यांवरचं निम्मं काम उतरतं. पण पियानो टाइल्सला तुझं काही देणंघेणं नसतं, इथे मात्र सवाल-जवाब आहे, तू नुसता जवाब देत बसलास तर तो दमत नाही, मध्ये घुसून तूही सवाल टाकायचा. आणि डोक्यावर लाल अक्षर चमकलं की साधं अडवून भागत नाही, भोसकायला आला तर लांब न जाता पुढे डॉज करून मिकिरी (त्याचं शस्त्र पायाखाली दाबायचा डाव), पाय झाडायला आला तर उडी.

करायचं काय, तर आवाज वाढव, आणि गेममधल्या मोडक्या देवळाबाहेर हानबेई हा सरावाचा गडी असतो, त्याच्यापुढे एकही वार न करता फक्त डिफ्लेक्ट कर, म्हणजे वार ऐन क्षणी अडव, तो मरत नाही त्यामुळे घाई नाही. आणि बहिणीला हाय-फाय रश (२०२३) दे, त्यात मारामारी उघडउघड गाण्याच्या ठेक्यावरच आहे, ती तुला तिथेही हरवेल बहुतेक.

प्रश्न: रेसिडेंट ईव्हिल ४ मध्ये माझा झॉम्बींपेक्षा जास्त वेळ बॅग आवरण्यात जातो. मला कुठला गेम आवडेल? (पुणे)

उत्तर: ताई, तुम्ही भीतीच्या गेममध्ये बसून टेट्रिस खेळताय. (आणि ते झॉम्बी नाहीत, गनाडो, म्हणजे परजीवीने ताबा घेतलेले गावकरी.) २००५ च्या मूळ गेममधली ती अटॅची म्हणजे चौकोनांची जाळी, बंदूक आडवी-उभी फिरवून बसवायची, हिरव्या पाल्यात लाल मिसळला की एकाची जागा रिकामी होते, आणि सगळं मनासारखं लागल्यावर जिवाला बरं वाटतं. टेट्रिसात वरून तुकडे पडतच राहतात, इथे बॅग उघडली की गेम थांबतो, म्हणून हे जास्त सुखाचं. २०२३ च्या रिमेकमध्ये बॅग आपोआप लावून द्यायची सोय आहे, ती तुमच्या कामाची नाही. तुम्ही सेव्ह रूम नावाचा छोटा गेम घ्या, २०२२ चा. त्यात फक्त बॅग लावायची, कोणी करवत घेऊन मागे लागत नाही.