गोव्यात पहिल्यांदाच येतोय, रस्त्यावर अनोळखी लोकांचे फोटो काढायला धीर होत नाही, सुरुवात कुठून करू?

आधी एक सांगतो, फोंतायनाशपासून, म्हणजे पणजीतल्या त्या जुन्या रंगीत घरांच्या वस्तीपासून, सुरुवात करू नका. सगळे तिथेच जातात आणि तिथली माणसं या प्रकाराला जाम वैतागलीयत, राहत्या घरांच्या पायऱ्यांवर प्री-वेडिंगवाले ठाण मांडून बसतात, मग दारावर फोटो काढू नयेत अशा पाट्या लागणारच ना. भिंती रंगीत आहेत हे मान्य, पण त्या भिंतींचे फोटो आतापर्यंत लाखो लोकांनी काढून झालेत.

त्यापेक्षा शुक्रवार गाठा आणि म्हापशाच्या बाजारात सकाळी लवकर जा. तिथे फिरत बसू नका, एक जागा धरा. चोरीसाच्या, म्हणजे गोव्याच्या मसालेदार सॉसेजच्या, माळा टांगलेल्या असतात किंवा मोयऱ्याची ती भली मोठी केळी घेऊन बायका बसलेल्या असतात, तिथे आधी काहीतरी विकत घ्या, दोन शब्द बोला, कॅमेरा गळ्यात दिसू दे. दहा मिनिटांत तुमच्याकडे कोणी बघत नाही. अगदी जवळून चेहरा हवा असेल तर सरळ "फोटो काडूं?" विचारा, नाही म्हणाल्या तर हसून पुढे व्हायचं, वाद घालायचा नाही.

तिथली खरी भानगड म्हणजे निळी ताडपत्री. तिच्याखाली सगळ्यांचे चेहरे निळे पडतात, म्हणून रॉ फाइलमध्ये काढा, म्हणजे रंग नंतर सुधारता येतो, आणि दोन ताडपत्र्यांमधल्या फटीतून जिथे उन्हाचा पट्टा खाली पडतो तिथे नजर ठेवून थांबा, कोणी ना कोणी त्या उजेडात येतंच, आणि मागचं सगळं काळोखात जातं.

सेटिंग विचाराल तर फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २८ एमएमची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ/८, शटर १/२५० सेकंद, आयएसओ ऑटो, फोकस हाताने अडीच मीटरवर लावून ठेवा, साधारण दीड ते दहा मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. फोकस शोधण्यातच निम्मे फोटो हातचे जातात.

संध्याकाळी पणजीहून बेतीची फेरीबोट पकडा, मांडवी ओलांडायला काही मिनिटंच लागतात, पण बेतीकडे जाताना डावीकडून तिरपं ऊन येतं आणि स्कूटरवाले, कामावरून परतणाऱ्या बायका, सगळे दमून एका जागी उभे असतात. परत या, परत जा, कोणी विचारत नाही.

किनाऱ्यावर मात्र हे नको. आंघोळ करणाऱ्यांचे, वाळूत पहुडलेल्यांचे फोटो न विचारता काढू नका, पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये तशी सूचनाच काढलीय, आणि तशीही ती चोरटेगिरीच.

बाकी हॉटेलच्या एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढलात की लेन्सवर वाफ धरते, निघायच्या अर्धा तास आधी बॅगेसकट बाल्कनीत ठेवा.