एजंटाचं स्वस्त कोटेशन: सीएआर आणि डब्ल्यूसी पॉलिसीत कोणते आकडे टाकायचे?

एका ठेकेदाराचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तळेगावजवळ तळमजला अधिक दोन मजल्यांचं काम, ऑर्डर १ कोटी ६० लाखांची. स्टील आणि सिमेंट मालक पुरवणार. साइटवर ३५ माणसं, त्यातली बरीचशी मुकादमाची. पहिलं आरए बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याने काढलेलं बिल) सोडण्याआधी मालकाने सीएआर (चालू बांधकामाचा विमा) आणि डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, मजुरांच्या अपघात-भरपाईचा विमा) पॉलिसी मागितली आहे. एजंटाने १.६० कोटी रुपये आणि १० मजूर धरून कोटेशन दिलंय, ते घ्यावं का?

तसंच घेऊ नका. हप्ता स्वस्त दिसतोय तो या दोन आकड्यांमुळे, आणि क्लेम अडकेल तोही तिथेच.

सीएआर, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क, या पॉलिसीत विम्याची रक्कम तुमच्या ऑर्डरएवढी धरायची नसते. काम पूर्ण झाल्यावर त्याची जी सगळी किंमत होईल ती धरायची: मजुरी, वाहतूक, कर आणि मालकाने दिलेला मालसुद्धा. समजा मालकाचं स्टील-सिमेंट ८० लाखांचं आहे. मग रक्कम हवी २.४० कोटी. वादळात बांधकाम पडून ९ लाखांचं नुकसान झालं, तर सर्व्हेअर १.६० ला २.४० ने भागतो आणि दोन तृतीयांश, म्हणजे ६ लाख मान्य करतो. त्यातून पुन्हा एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, वजा. त्या दिवशी निम्मंच काम झालेलं असलं तरी तुलना पूर्ण किमतीशीच होते. स्टीलचा भाव वाढला किंवा मालकाने जादा काम दिलं, तर एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेला लेखी बदल, करून रक्कम वाढवून घ्यायची. बहुतेक जण हे विसरतात.

‘ऑल रिस्क’ या नावावर जाऊ नका. प्रॉप (स्लॅबखालचे टेकू) कमी लावले म्हणून स्लॅब बसला, तर जे काम मुळात सदोष होतं ते पुन्हा करण्याचा खर्च मिळत नाही. त्याच्या पडण्याने खालचं धड काम मोडलं त्याचा मिळतो. चूक डिझाइनची असेल तर साध्या पॉलिसीत तेही नाही, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

शेजाऱ्याची भिंत हा आणखी एक खड्डा. सीएआरच्या दुसऱ्या भागात त्रयस्थांची जबाबदारी येते खरी, पण खोदाईच्या हादऱ्यांनी किंवा आधार निघाल्याने झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं असतं. ते एंडोर्समेंटने परत आणता येतं, मात्र तेव्हाही भिंत पूर्ण किंवा अंशतः कोसळलेली लागते. नुसत्या तड्यांना पैसे नाहीत. शिवाय ती भिंत आधी धडधाकट होती हे दाखवावं लागतं. म्हणून पाया खोदण्याआधी शेजारच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढा आणि शेजाऱ्याची सही घ्या. पाव तासाचं काम आहे.

आता मजूर. तुमचे कामगार त्रयस्थांच्या भागात बसत नाहीत, म्हणून डब्ल्यूसी वेगळी. कायद्यातलं ‘वर्कमेन’ हे नाव २०१० मध्येच गेलं, आणि १९२३ चा तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेलाय. साइटवर मात्र अजून डब्ल्यूसीच म्हणतात. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र तेच राहिलं: मासिक वेतनाचे ५० टक्के गुणिले वयाचा गुणक. २०२० पासून हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० धरलं जातं. ३० वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८, म्हणजे ७,५०० × २०७.९८ = १५,५९,८५० रुपये. एका माणसाचे.

१० जणांच्या पॉलिसीवर हजेरीपटात ३५ नावं निघाली की कंपनीचा पहिला प्रश्न असतो, तुमचे दहा कोणते? माणसं आणि मजुरी खरी लिहा, कामाच्या प्रकाराप्रमाणे वेगळी: गवंडी, सेंट्रिंग, बिगारी. ‘ती मुकादमाची माणसं’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. काम तुम्ही पोटठेक्यावर दिलंत, तर भरपाई तुमच्याकडूनही मागता येते. मग तुम्ही मुकादमाकडून वसूल करत बसा. म्हणून पोटठेकेदाराच्या कामगारांचा उल्लेख पॉलिसीवर शब्दात हवा.

उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देणं कायद्याने मजुरांना कामावर ठेवणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर आहे, पण साध्या डब्ल्यूसीत तो नसतो किंवा अगदी थोडा असतो. मेडिकल एक्स्टेन्शन मागा आणि माणशी मर्यादा किती ते लेखी घ्या. आणि मृत्यू झाला तर गावाकडच्या नातेवाइकांशी परस्पर ‘समझोता’ करू नका. ती रक्कम सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते; हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. (बांधकाम कामगार कल्याण मंडळाचा १ टक्का उपकर भरला म्हणजे विमा झाला, हाही एक लाडका गैरसमज.)

मिक्सर, हॉईस्ट (माल वर चढवायचं यंत्र) यांची सीएआरमध्ये वेगळी यादी द्यावी लागते. त्यांचा यांत्रिक बिघाड या दोन्ही पॉलिसींत येत नाही.

तारखा नीट बघा. हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी. काम आधीच सुरू झालं असेल तर किती झालंय ते प्रस्तावात लिहा, लपवू नका. मुदत वाढवायची तर पॉलिसी संपण्याआधी. तळमजल्यावर मालकाने सामान लावून वापर सुरू केला, तर तेवढ्या भागाचं कव्हर संपलं असं धरतात. रिटेन्शन (काम संपल्यावरही मालकाने राखून ठेवलेली रक्कम) वर्षभर अडकणार असेल तर मेंटेनन्स कव्हरही मागा. साधं मेंटेनन्स कव्हर त्या काळात दुरुस्ती करताना तुमच्या हातून झालेल्या नुकसानापुरतं असतं. बांधकामाच्या काळातलं कारण नंतर उघडं पडलं तर ‘एक्स्टेंडेड’ लागतं.

नुकसान झालंच, तर ढिगारा हलवण्याआधी फोटो काढा. जिवाला धोका असेल तेवढंच हलवा. चोरी असेल तर पोलिसांत तक्रार. मेजरमेंट बुक, आरए बिलं, मालाची चलनं, हजेरीपट यांच्या प्रती साइटबाहेरही ठेवा. सीएआरच्या छापील अटींत १४ दिवसांत सूचना दिली नाही तर क्लेम नाही, असं लिहिलेलं असतं. ती सूचना कंपनीच्या ईमेलवर पॉलिसी क्रमांक घालून त्याच दिवशी पाठवा. एजंटाला केलेल्या फोनची नोंद कुठे नसते.