गणिताच्या मुक्त सॉफ्टवेअरसाठी तीन वर्षं फुकट राबणाऱ्याचा सन्मान कसा करावा? प्रमाणपत्र पुरेसं आहे का?

प्रमाणपत्र जरूर द्या, पण आधी त्याचं नाव कामाला जोडा. सिम्पायकडे बघा. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या या बीजगणिताच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, ‘ऑथर्स’ नावाची एक साधी फाईल आहे. एक जरी पॅच, म्हणजे कोडमधला छोटासा बदल, दिला तरी त्यात नाव येतं, तेही पहिल्या योगदानाच्या तारखेच्या क्रमाने. प्रत्येक आवृत्तीच्या टिपणात त्या वेळच्या सगळ्यांची नावं असतात आणि पहिल्यांदाच हातभार लावणाऱ्याच्या नावापुढे तारांकन. ते छोटंसं चिन्ह मला फार आवडतं. नवख्या पोराला तेवढ्यानेही हुरूप येतो.

एक बारीक गोष्ट सांभाळा. माणूस कॉलेजच्या ईमेलवरून काम करतो, मग नोकरीच्या. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या हिशेबात तो दोन माणसं होतो आणि श्रेय विभागलं जातं. दोन्ही ईमेल एकाच नावाला जोडणारी एक ओळ मेलमॅप फाईलमध्ये घातली की झालं.

त्याच्या कामाला शैक्षणिक वजन असेल तर शोधनिबंधात सहलेखक करा. सिम्पायवरच्या 2017 च्या निबंधाला 27 लेखक आहेत, त्यात भारतीय नावं बरीच. प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या अर्जात हे खरंच कामी येतं.

आणि तो इतरांचा कोड तपासत असेल, नवख्यांच्या शंका सोडवत असेल, तर ते गिटच्या कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, कुठेच दिसत नाही. ते तुम्हीच शब्दांत लिहा: कोणती चूक त्याने पकडली, कोणती चाचणी त्याच्यामुळे आली. पण नाव जाहीर करण्याआधी त्याला विचारा. काहींना ते नको असतं.