वाचक विचारतात : विल्टन्स म्युझिक हॉल

प्रश्न : लंडनच्या ग्रेसेस ॲलीत विल्टन्स शोधताना आम्ही दोनदा पुढे निघून गेलो. एवढा मोठा हॉल बाहेरून दिसत कसा नाही?

उत्तर : तो रस्त्यावर नाहीच. पुढची जुनी घरं तशीच ठेवून मागच्या आवारात तो बांधला. मूळ धंदा पबचा. 1843च्या कायद्यानुसार नाटकाचा परवाना घेतला की प्रेक्षागृहात दारू देता येत नसे. दारू द्यायची तर नाटक नाही, गाणी चालतील. म्हणून पबमालक मागे गाण्याचा हॉल काढत. जॉन विल्टन यांचा 1859चा हॉल त्यातलाच. गिऱ्हाईक बारमधूनच आत यायचं, मग दर्शनी भिंतीवर पैसा कशाला घालायचा?

प्रश्न : सज्जाखालचे पिळाचे खांब इतके बारीक आहेत. भार पेलतो कसा?

उत्तर : ते बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे आहेत. बीड दाबाला भक्कम, ताणाला कच्चं. भार सरळ खाली येतो तोवर बारीक खांबही पुरतो, शिवाय मागच्यांना रंगमंच दिसतो. पिळाने ताकद वाढत नाही, ती निव्वळ हौस. पाया एका अंगाला खचला की खांब वाकू पाहतो, एका बाजूला ताण येतो आणि बीड आधी न वाकता थेट तडकतं. त्यामुळे दुरुस्तीत आधी पाया तपासायचा, रंग नंतर.

सज्जाची नक्षी मात्र कोरीव लाकूड नाही, कागदाचा लगदा आहे! आपल्याकडे लगद्याचे गणपती करतात, तसाच साच्यातून काढलेला. वजन कमी, म्हणून पुढे आलेल्या सज्जाला सोयीचा. पण छत गळलं की आतला सरस सुटतो आणि नक्षी फुगते.

प्रश्न : गॅसच्या झुंबराचा धूर कुठे जायचा?

उत्तर : वर. सुमारे 300 ज्योती आणि 27,000 काचमण्यांचं ते झुंबर एका परीने एक्झॉस्ट फॅनच होतं. ज्योतींवरची नळी छपरातून बाहेर काढलेली. तापलेली हवा तिच्यातून चढताना तंबाखूचा धूरही ओढून न्यायची. धोकाही तिथेच असे : नळीभोवती पुरेशी मोकळी जागा नसेल तर छपराचं लाकूड वाळत जाऊन पेट घेतं. 1877मध्ये हा हॉल जळाला, पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहिला. पण गाण्यांचा धंदा लवकरच बसला. 1888मध्ये हॉल मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मिशनकडे गेला.

प्रश्न : 2015मध्ये दुरुस्ती संपली, तरी भिंती उखडलेल्याच का?

उत्तर : मुद्दाम. धोक्याचं तेवढं दुरुस्त करायचं, जुन्या खुणा पुसायच्या नाहीत, असं ठरलं होतं. आम्हालाही तेच पटतं. एरवीही जुन्या विटांवर सिमेंटचा गिलावा नको : ओल आत कोंडते आणि विटांचा भुगा होतो. चुन्यातून ती बाहेर पडते.