पूरके विकत घेण्याआधी चारा तोला

आपल्या घोड्यासाठी घ्यायच्या पूरकांची, म्हणजे चाऱ्यासोबत द्यायच्या जीवनसत्त्व-खनिजांच्या मिश्रणांची, आपण पाठवलेली यादी वाचली. त्यातले बहुतेक डबे तूर्त बाजूला ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. घोड्याला दररोज त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला साडेसात ते दहा किलो, आणि तो अंदाजाने न देता काट्यावर तोलून द्यावा, कारण सैल पेंढी डोळ्यांना नेहमीच जड वाटते.

मीठ मात्र हवेच: रोज सुमारे ३० ग्रॅम, घाम जास्त येत असल्यास अधिक, आणि सोबत भरपूर पाणी. हिरवे गवत मिळत नसेल तर ई जीवनसत्त्वाचा विचार करावा, कारण गवत वाळवताना ते बरेचसे नष्ट होते.

नवख्यांच्या हमखास चुका दोन:

- दोन-तीन मिश्रणे एकदम देणे. आधी प्रत्येक डब्यावरील सेलेनियमची (अगदी थोडे लागणारे एक खनिज) बेरीज करा. त्याचा अतिरेक विषारी असतो, आयाळ-शेपटीचे केस गळतात आणि खुरांना भेगा पडतात.
- बायोटिन (खुरांसाठी दिले जाणारे एक ब जीवनसत्त्व) महिनाभर देऊन थांबवणे. खूर फार सावकाश वाढते, तेव्हा सहा महिने तरी धीर धरा.

खनिजांच्या परस्पर प्रमाणाचा हिशेब चाऱ्याची प्रयोगशाळेत तपासणी झाल्यावर पाहू.