लॅब्राडोर मादीला पिल्लं घ्यायची आहेत, नर पेपरवाला आहे. आनुवंशिक आजारांसाठी कोणत्या तपासण्या कराव्यात?

तुम्ही लिहिलंय की मादी दीड वर्षाची आहे, नर 'चॅम्पियन लाइन'चा आहे, पेपर आहेत, तर तपासण्या कोणत्या आणि खर्च किती. खर्च प्रयोगशाळेलाच फोन करून विचारा, पॅकेजप्रमाणे बदलतो. मी लिहायला बसलो ते 'पेपर आहेत' या दोन शब्दांमुळे.

केनेल क्लबचा पेपर म्हणजे वंशावळ. बाप कोण, आजा कोण, एवढंच त्यातून कळतं. नराच्या खुब्याची वाटी उथळ आहे का, त्याच्या रक्तात कोणता दोष लपलाय, याबद्दल पेपर एक अक्षर बोलत नाही. हे सोलापुरातल्या ब्रीडर मंडळींना सांगितलं की लगेच ऐकायला मिळतं, "आमच्या लाइनमध्ये असलं काही नसतं."

याच लाइनमधला एक पिवळा लॅब, वय अकरा महिने. डिसेंबरातली सकाळ, होम मैदान, बॉल फेकणं चाललेलं. आठ-दहा मिनिटांनी त्याच्या मागच्या पायांची चाल बदलली. पाय फाकले, कंबर डोलायला लागली, मग मागचा भाग जमिनीला टेकला. पण पुढच्या पायांनी गडी बॉलकडे ओढत निघालाच होता, पूर्ण शुद्धीवर, शेपूट हलवत. वीस मिनिटांत उठून उभा, जणू काही झालंच नाही. मालक म्हणाले ऊन लागलं. डिसेंबरात, सकाळी सात वाजता! ब्रीडरने फोनवर निदान केलं, "कॅल्शियम कमी पडलंय," आणि सिरप लिहून दिलं. जुळे सोलापुरात त्याच लिटरची, म्हणजे एकाच वेताची, बहीण पावसाळी हवेत तशीच पडली, तेव्हा कुठे गालाच्या आतला स्वॅब डीएनए तपासणीला गेला. रिपोर्ट आला ईआयसी, जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडची, एक बापाकडची) दोषी.

ईआयसी म्हणजे जोराच्या व्यायामानंतर कोसळणं. दोष डीएनएम१ या जनुकात असतो, तो 2008 मध्ये सापडला. मज्जातंतूंनी सतत, वेगाने संदेश पाठवायची वेळ आली की तिथे संदेशवाहक रसायनाचा पुरवठा अपुरा पडतो. म्हणून रोज शांतपणे फिरवलेल्या कुत्र्यात वर्षानुवर्षं काही दिसत नाही. बॉल, शिकार, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती अशी उत्तेजना लागते. आपल्याकडे हा आजार उष्माघाताच्या नावावर खपतो. ताप मोजून फरक कळत नाही, कारण जोरात पळालेल्या निरोगी लॅबचंही तापमान 41 अंशांच्या वर जातं. फरक सावरण्यात आहे. ईआयसीचा कुत्रा बहुधा अर्ध्या तासाच्या आत नीट होतो. उष्माघाताचा तसा होत नाही: सुस्त राहतो, ओकतो, रक्ताची हगवण लागू शकते. पण मैदानावर उभं राहून निदान करत बसू नका. खेळ तिथेच थांबवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, डॉक्टरकडे न्या. ईआयसीनेही कुत्री मेलेली आहेत.

आता त्या ब्रीडरचा मुद्दा: "माझा नर ठणठणीत आहे." असणारच! दोष सुप्त आहे. एक प्रत असलेला कॅरियर आयुष्यभर धडधाकट राहतो. पिल्लू दोन्ही प्रतींचं निघालं याचा अर्थ आई आणि बाप दोघांकडे किमान एकेक प्रत आहेच. दोन कॅरियर एकत्र आले तर प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता 25 टक्के, कॅरियर होण्याची 50. हा हिशेब मांडून झाल्यावरही तो नर स्टडला (माद्यांना लावायला) चालूच होता, आणि तुमच्यासारखे लोक पेपर बघून मादी घेऊन जात होते.

लॅबसाठी डीएनएची यादी अशी: ईआयसी, पीआरए-पीआरसीडी, सीएनएम, एचएनपीके. पीआरएमध्ये डोळ्याचा पडदा हळूहळू मरतो. आधी रात्री दिसेनासं होतं, लाइट गेली की कुत्रा जिन्यावर अडखळतो. लॅबमध्ये हे बऱ्याचदा तीन-चार वर्षांनंतर कळतं, तोवर नराची कित्येक लिटर झालेली असतात. सीएनएम हा स्नायूंचा आजार, दोन ते पाच महिन्यांच्या पिल्लात चाल अशक्त दिसते. एचएनपीकेमध्ये नाकावर कोरडी खपली धरते. जिवाला धोका नाही, पण सोलापूरच्या उन्हावर ढकलून लोक वर्षभर नाकाला खोबरेल तेल लावत बसतात.

स्वॅब घेताना तासभर आधी खाणं बंद. पिल्लू आईचं पीत असेल तर तिच्यापासून वेगळं ठेवा, नाहीतर आईच्या पेशी येतात. गालाच्या आतून अर्धा मिनिट घोळवा, हवेत पूर्ण वाळवा, कागदी पाकिटात घाला. ओला स्वॅब प्लॅस्टिकमध्ये घातला की बुरशी धरतो. त्यापेक्षा जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत दोन मिली रक्त बरं, फक्त ते फ्रीजरमध्ये गोठवू नका.

खुबा आणि कोपराचे दोष मात्र डीएनएत सापडत नाहीत. तिथे अनेक जनुकं आणि संगोपन मिळून काम करतात, म्हणून एक्स-रेच लागतो. गुंगी दिल्याशिवाय काढलेली खुब्याची फिल्म फेकून द्या. कुत्रा उताणा, मागचे पाय सरळ ताणलेले, मांडीची हाडं एकमेकांना समांतर, गुडघ्याच्या वाट्या मधोमध. कंबरेच्या हाडातली दोन भोकं सारख्या आकाराची दिसली पाहिजेत. एक मोठं एक लहान म्हणजे कुत्रा तिरका होता आणि एका बाजूचा खुबा उगाच चांगला दिसतोय. नॉरबर्ग कोन (मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत किती नीट बसलाय याचं माप) 105 अंश किंवा जास्त असावा. अमेरिकेतली ओएफए संस्था 24 महिने पूर्ण झाल्याशिवाय अंतिम ग्रेड देत नाही. तेव्हा तुमची मादी या हीटला (माजाला) नको, दोन वर्षांची झाल्यावर फिल्म काढा आणि मग ठरवा.

संगोपनात दोन गोष्टी नडतात. गुळगुळीत टाइल्सवर घसरणारी, पहिल्या तीन महिन्यांत जिना चढणारी पिल्लं. खोलीत पोतं नाहीतर रबरी चटई टाका. आणि जाडेपणा. 48 लॅबवर झालेल्या एका दीर्घ अभ्यासात 25 टक्के कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य 13 वर्षं निघालं, पोटभर खाणाऱ्यांचं 11.2, आणि कमी खाणाऱ्यांचे खुबेही बरे राहिले. हात फिरवला की बरगड्या लागल्या पाहिजेत. तयार पपी फूड चालू असेल तर वरून कॅल्शियम सिरप अजिबात नको, मोठ्या जातीच्या हाडांना ते बाधतं. भाकरी-मटणावर वाढवत असाल तर उलट कॅल्शियम कमी पडतं, तिथे डॉक्टरकडून हिशेब करून घ्या.

कॅरियर सापडला म्हणून बाद करू नका, हेही सांगतो. मादी कॅरियर आणि नर क्लिअर (एकही दोषी प्रत नसलेला) असेल तर त्या आजाराचं एकही पिल्लू निघणार नाही. सगळे कॅरियर काढत गेलात तर उरलेली चार कुत्री आपसातच लावावी लागतील. पेपर वाचायचाच तर त्यासाठी वाचा: पिल्लाच्या दोन्ही बाजूंचा आजोबा एकच निघाला तर रक्ताची जवळीक 12.5 टक्के होते. 'लाइन ब्रीडिंग' म्हणून कौतुकाने सांगतात ते हेच.

नराचा रिपोर्ट मागाल तेव्हा त्यावरचा 15 अंकी मायक्रोचिप नंबर स्कॅनर लावून त्याच कुत्र्याशी जुळवा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो कोणाचाही असू शकतो. आणि हे वाचेपर्यंत मेटिंग झालंच असेल, तर आधी मादीचा स्वॅब पाठवा. ती क्लिअर निघाली तर या चार आजारांपुरती पिल्लं सुटली. कॅरियर निघाली तर दूध तुटल्यावर प्रत्येक पिल्लाचा स्वॅब पाठवा, आणि रिपोर्ट हातात आल्याशिवाय एकही पिल्लू घराबाहेर देऊ नका.