नेटवर्क बूट होत नसेल, तर मदत मागण्यापूर्वी कोणती माहिती जमवावी?

शहाद्याच्या आपल्या शाळेत 20 संगणक सर्व्हरवरून उबुंटू सुरू करतात, मात्र नव्याने आलेले 6 संगणक सुरू होत नाहीत आणि पुरवठादाराच्या तांत्रिक विभागाला नेमके काय लिहून पाठवावे, असे आपण विचारले आहे. जळगाव जिल्ह्यातील काही शाळांच्या संगणक कक्षांची देखभाल मी करतो, त्या अनुभवावरून लिहितो.

सर्वांत आधी पडद्यावरचा संदेश शब्दशः मिळवा. तो दोन-तीन सेकंदांत निघून जातो, म्हणून संगणक चालू करतानाच मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि नंतर तो थांबवून सांकेतिक क्रमांक वाचा. पीएक्सई-ई61 (पीएक्सई म्हणजे नेटवर्कवरून संगणक सुरू करण्याची पद्धत) दिसल्यास केबल किंवा पोर्ट तपासावे लागते. ई51 म्हणजे डीएचसीपीकडून (संगणकांना नेटवर्कवरील पत्ता देणाऱ्या सेवेकडून) पत्ता देऊ करणारे उत्तरच आले नाही. ई53 म्हणजे उत्तर आले, पण बूट फाइलचे, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फाइलचे, नाव आले नाही. आणि ई32 म्हणजे नाव मिळूनही ती फाइल पुरवणाऱ्या टीएफटीपी सर्व्हरने प्रतिसाद दिला नाही. यूईएफआय हे नव्या पद्धतीचे फर्मवेअर (संगणक चालू होताच सर्वांत आधी चालणारी अंगभूत प्रणाली) असलेल्या संगणकांवर पत्ता न मिळाल्याचा संदेश बहुधा ई16 असा येतो. गाडी कोणत्या टप्प्यावर अडली हे या एका क्रमांकावरून कळत असल्याने ‘नेटवर्कवरून चालू होत नाही’ एवढेच लिहिण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे जुने चालतात आणि नवेच अडतात, त्यामुळे माझा पहिला संशय बूट पद्धतीवर आहे. जुने संगणक बायोस या जुन्या फर्मवेअर पद्धतीने आणि नवे यूईएफआय पद्धतीने सुरू होत असतील, तर दोघांना वेगवेगळ्या फाइली लागतात. आयपीएक्सई हा नेटवर्क बूटचा प्रोग्रॅम वापरत असाल, तर बायोससाठी सामान्यतः ‘अनडीआयओन्ली.केपीएक्सई’ आणि यूईएफआयसाठी ‘आयपीएक्सई.ईएफआय’ द्यावी लागते. म्हणून दोन्ही प्रकारच्या संगणकांचे मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, सिक्युअर बूट (फक्त प्रमाणित बूट फाइलच चालू देणारी सोय) चालू आहे की बंद, आणि सर्व्हरवर डीएचसीपीचे 66 व 67 (बूट सर्व्हरचे आणि बूट फाइलचे नाव) हे पर्याय काय भरले आहेत, हे सारे लिहा. चालणारा आणि न चालणारा संगणक एकमेकांच्या जागी, त्याच केबलवर लावून पाहा. दोष संगणकाबरोबर गेला की बाकावरच राहिला, हेही नोंदवा. स्विचवर स्पॅनिंग ट्री (जोडण्यांचे वर्तुळ टाळणारी सोय) चालू असल्यास पोर्ट खुला व्हायला सुमारे 30 सेकंद लागू शकतात आणि तेवढ्यात संगणक प्रयत्न सोडून देतो, म्हणून स्विचचे मॉडेलही द्या. वीज गेल्यानंतर सगळे एकदम सुरू झाले तेव्हाच बिघाड दिसतो, की एकटा लावला तरी दिसतो, हा भेद आपल्या भागात विसरू नका.

यानंतर सर्व्हरवर वायरशार्क किंवा टीसीपीडम्प हा नेटवर्कवरची ये-जा टिपणारा प्रोग्रॅम लावून अडलेल्या संगणकाचे पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, नोंदवून घ्या. गाळणी (फिल्टर) मात्र पोर्ट क्रमांकाची न लावता त्या संगणकाच्या मॅक पत्त्याची (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाची) लावा, कारण टीएफटीपीची विनंती 69 क्रमांकाच्या पोर्टवर येते, पण फाइल दुसऱ्याच पोर्टवरून जाते आणि पोर्टची गाळणी नेमका तोच भाग गाळून टाकते. अमळनेर तालुक्यातील एका शाळेत संगणक कधी सुरू होत, कधी ई53 दाखवत. मी तीन दिवस सर्व्हरची जुळणी (कॉन्फिगरेशन) बदलत राहिलो. शेवटी पॅकेट पाहिले, तेव्हा एकाच मागणीला दोन उत्तरे येत होती, एक आमच्या सर्व्हरचे आणि दुसरे 192.168.1.1 चे. शिक्षक कक्षात कुणीतरी वाय-फाय राउटर आणून कक्षाच्या स्विचला जोडला होता आणि त्याचे उत्तर आधी पोहोचले की संगणकाला पत्ता मिळे, फाइलचे नाव मिळत नसे. त्याच नोंदी पहिल्या दिवशी पाठवल्या असत्या, तर मुलांचे तीन दिवसांचे तास बुडाले नसते, याची मला आजही खंत आहे.

नोंदींसोबत त्या संगणकाचा मॅक पत्ता, बिघाडाची तारीख-वेळ आणि अलीकडे काय बदलले ते कळवा. जुळणीच्या फाइलीतील पासवर्ड पाठवण्यापूर्वी काढून टाका. उत्तर येईपर्यंत सहापैकी किमान एका संगणकाच्या सेटिंग्जना हात लावू नका, कारण तांत्रिक विभागाने पुन्हा चाचणी करायला सांगितली, तर ती त्याच्यावरच करता येईल.